पटलाचा मुक्काम

ताईच्या गल्लीतली मोठी जलवाहिनी भल्या सकाळी फुटली आणि रस्त्यावर पाणी आले. एरवी त्या गल्लीत पाणी नळालाही येत नसे. त्यामुळे ते एवढ्या मोठ्या प्रमाणावर आणि कोणीही अर्ज केलेला नसताना आलेले पाहून प्रशासनाला घातपाताचा संशय येणे स्वाभाविक होते. रहिवाशांनी बादल्या भरून घेतल्या. प्लंबर आला, त्याने दुपारपर्यंत वाहिनी सांधली, तिच्याच पाण्याने हात धुतले आणि निघून गेला. तो गेल्यावर, म्हणजे सर्व काही सुरळीत झाल्यावर, मुख्य कारभाऱ्यांनी आणीबाणी जाहीर केली.

यात हसण्यासारखे काही नाही. संकट चालू असताना आणीबाणी जाहीर केली तर लोक गोंधळतात आणि अधिकारी त्याहून जास्त गोंधळतात. संकट संपल्यावर केली की सगळ्यांना शांतपणे लक्ष देता येते.

मी सभागृहाचा सदस्य आहे. निवडून आल्यापासून मी सभागृहात एकच शब्द बोलत आलो आहे, आणि तो म्हणजे 'सहमत'. म्हणून मला सगळे सहमतराव म्हणतात. आमची ही रागावली की तीही म्हणते. आपत्कालीन अधिकारांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीचे अध्यक्षपद माझ्याकडे एकमताने आले. कार्यकारी यंत्रणेवर कोणाची तरी नजर असावी असे कायदा म्हणतो, आणि माझी नजर अधू आहे हे दोन्ही बाजूंच्या बाकांना चांगले ठाऊक होते.

त्याच संध्याकाळी माझी थोरली बहीण दारात उभी राहिली. मागे हातगाडी होती आणि हातगाडीवर तिचे शिलाई मशीन होते. गळ्यात नेहमीप्रमाणे मापाची पट्टी होती. ताई आंघोळीला जाताना ती पट्टी काढते की नाही, याबद्दल घरात मतभेद आहेत.

"बाळ्या, माझं घर गेलं."

"कुठे गेलं?"

"कुठे म्हणजे? तिथेच आहे. पण मी बाहेर आहे."

तिला पाणी दिले, बसवले, तेव्हा हकीकत कळली. आणीबाणीचा नियंत्रण कक्ष तिच्या घरात उघडला होता. एका अधिकाऱ्याने येऊन तिला बाहेर काढले, दारावर पाटी लावली आणि गल्लीच्या तोंडाला दोरी बांधली.

"आदेश दाखव म्हणाली नाहीस?"

"म्हणाले की. तर म्हणतो कसा, आजी, आदेश दाखवायचा नसतो, पाळायचा असतो." ताईला घर गेल्यापेक्षा 'आजी' जास्त लागले होते. "आणि बाळ्या, तो मापवाला त्यांचाच रे! आता माझ्या डोक्यात प्रकाश पडतोय."

"कोण मापवाला?"

"वाहिनी फुटायच्या आदल्या आठवड्यात एक जण आला होता. गोरागोमटा, इस्त्रीचा शर्ट. पुढच्या खोलीचं माप घ्यायचंय म्हणाला. छान स्टीलची टेप होती त्याच्याकडे, बटण दाबलं की सर्रकन आत जाणारी. एकटाच होता बिचारा. लांब माप एकट्याने सरळ येत नाही. मग मी धरलं टेपचं दुसरं टोक."

"तू धरलंस?"

"तुला काय कळतंय मापातलं? त्या भिंतीला पोक आहे. मीच त्याला सांगितलं, दादा, तिथून धरू नकोस, कोपऱ्यातून धर, बरोबर येईल."

"पण कशासाठी माप, ते नाही विचारलंस?"

ताई जरा घुटमळली. "चांगल्या घरचा दिसत होता रे. माझ्या गुडघ्याचीसुद्धा चौकशी केली त्याने."

खरी अडचण पुढे होती. ताई शाळेचे गणवेश शिवते. शाळा उघडायला आली होती, आणि मशीन, कात्र्या, दोरे एवढेच तिला बाहेर काढू दिले होते. निळ्या कापडाचे तागे आतल्या खोलीतच राहिले होते. या वेळी गणवेश वेळेवर मिळाले नाहीत तर पुढच्या वर्षीपासून हे काम कारखान्याला देऊ, असे शाळेच्या मुख्याध्यापिकेने तिला आधीच बजावले होते. यजमान गेल्यापासून त्या गणवेशांवरच ताईचे घर चालत होते.

"हे काम गेलं की माझं सगळंच गेलं," ती म्हणाली.

"ताई, या सगळ्यावर देखरेख ठेवणाऱ्या समितीचा अध्यक्ष कोण आहे? तुझा भाऊ. तू निर्धास्त राहा."

आतून आमच्या हिने भांडे आपटले. ते मुद्दाम आपटले की हातून निसटले, याबाबत मी अद्याप चौकशी समिती नेमलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी समितीची बैठक बोलावली. विरोधी बाकांवरचे आक्षेपराव आले. त्यांचा आवाज इतका दणदणीत आहे की ते बोलू लागले की शिपाई आधी खिडक्या लावून घेतात. दुसरे आले ते मास्तर. राजकारणात येण्यापूर्वी त्यांनी उभी हयात व्याकरण शिकवण्यात घालवली होती आणि अजूनही ते प्रत्येक विधेयक फक्त शुद्धलेखनासाठी वाचतात. सरकारतर्फे सचिव आले. सचिव हा अतिशय मृदू आवाजाचा माणूस आहे. त्याने नकार दिला तरी आपल्यावर काहीतरी उपकार झाले असेच वाटते.

"आणीबाणीचा आदेश समितीला दाखवा," मी म्हणालो.

"आदेश सभागृहाच्या पटलावर ठेवला आहे, अध्यक्षमहाशय. कायद्यात लिहिलंय त्याप्रमाणे. काढला त्याच दिवशी."

इथे थोडा खुलासा करायला हवा. आमच्या सभागृहाच्या मधोमध एक लांबलचक जुने टेबल असते, त्याला पटल म्हणतात. सरकारने एखादा कागद त्या पटलावर ठेवला की तो सर्व सदस्यांनी पाहिला असे मानले जाते. या सोयीमुळे आम्हाला फारच कमी वाचावे लागते. कायदाही तसाच आहे, की आणीबाणीतला प्रत्येक आदेश 'सभागृहाच्या पटलावर अवलोकनार्थ ठेवण्यात येईल'.

"मग चला, बघू या," आक्षेपराव गरजले आणि आम्ही उठून सभागृहात गेलो.

सभागृहात पटल नव्हते. गालिच्यावर त्याच्या पायांचे खोल ठसे तेवढे उरले होते. अधिवेशन चालू होते, आदल्या दिवशी दुपारनंतरही तिथे कामकाज झाले होते आणि मी स्वतः दोनतीनदा सहमत झालो होतो. पटल नसल्याचे कोणाच्याच लक्षात आले नव्हते. उलट पुढच्या बाकांवरच्या मंडळींना पाय पसरायला जागा झाली होती, आणि ही कामकाजातली सुधारणा असावी असे सगळ्यांनी गृहीत धरले होते.

"पटल कुठे आहे?" मी विचारले.

"नियंत्रण कक्षात," सचिव म्हणाला. "जलवाहिन्यांचा नकाशा पसरायला मोठं टेबल हवं होतं. आणीबाणीत कोणतीही वस्तू ताब्यात घेता येते. मग पटल घेतलं. पटल फार लांब निघालं, म्हणून लांब खोलीचं घर घेतलं."

"माझ्या बहिणीचं घर आहे ते!"

"कुणाचं आहे ते आम्ही मुद्दामच बघत नाही. बघितलं असतं तर पक्षपात झाला असता."

"ते राहू द्या. आदेश कुठे आहे?"

"पटलावर."

"आणि पटल?"

"आदेशात लिहिलेल्या ठिकाणी."

समितीच्या खोलीत परतल्यावर आक्षेपरावांनी लोकशाहीचा खून झाल्याचे जाहीर केले. ते हे दर बैठकीत जाहीर करतात, पण या वेळी त्यांच्या आवाजात थोडे आश्चर्यही होते. मी मास्तरांकडे वळलो. "मास्तर, तुम्ही सांगा. कायद्यात 'सभागृहाच्या पटलावर' असं स्वच्छ लिहिलंय. मग ते सभागृहात नको का?"

मास्तरांनी डोळे मिटले. बऱ्याच वर्षांनी कोणीतरी त्यांना त्यांच्या विषयातले विचारले होते आणि तो आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. "पटलावर. यातलं 'वर' हे शब्दयोगी अव्यय. वर म्हणजे वर. खाली नाही, आत नाही, शेजारी नाही. आदेश पटलाच्या वर आहे ना?"

"आहे," सचिव म्हणाला.

"आता सभागृहाच्या. ही षष्ठी. षष्ठीने संबंध कळतो, पत्ता कळत नाही. रामाचा घोडा म्हटल्यावर घोडा रामाजवळच बांधलेला असतो असं नाही. तो चरायला गेलेला असू शकतो. पटल सभागृहाचं आहे आणि सभागृहाचंच राहील, मग ते कुणाच्याही घरात असो. सरकारचं व्याकरण निर्दोष आहे."

"मास्तर, तुम्ही कुणाच्या बाजूचे?" आक्षेपरावांनी विचारले.

"षष्ठीच्या," मास्तर म्हणाले.

यावर आक्षेपरावांनी सभात्याग केला. व्हरांड्यात चहा आला होता. तो घेऊन ते परत आले आणि आपल्या जागेवर बसले.

मी तेवढ्यात दुसरा मार्ग शोधला होता. "ठीक आहे. समिती तिथे जाऊन पटल पाहील."

"जरूर. पण ते प्रतिबंधित क्षेत्र आहे. तिथे कोणाला सोडायचं हे आदेशात दिलेलं आहे."

"मग आमचं नाव त्यात आहे का, एवढं सांगा."

सचिवाच्या चेहऱ्यावर खरेच दुःख उमटले. "सांगितलं असतं हो. पण सभागृहाने पाहण्याआधी आदेशातला मजकूर बाहेरच्यांना सांगितला तर सभागृहाचा हक्कभंग होईल."

"अहो, आम्हीच सभागृह!"

"त्या बाकांवर बसता तेव्हा. या खोलीत तुम्ही समिती आहात."

मग मी मापवाल्याचे प्रकरण काढले. जलवाहिनी फुटायच्या आधीच खोलीचे माप कसे घेतले गेले, याचा सचिवाकडे जबाब मागितला. मला वाटले, आता हा सापडला.

"त्याला पूर्वतयारी म्हणतात," सचिव म्हणाला. "फुटल्यावर केली असती तर तिला पूर्वतयारी कोणी म्हटलं असतं?"

"पण आता वाहिनी दुरुस्त झाली आहे. मग आणीबाणी कशाला?"

"दुरुस्त झाली आहे म्हणूनच काळजी वाटते, अध्यक्षमहाशय. फुटलेली वाहिनी पुन्हा फुटू शकत नाही. दुरुस्त झालेली कधीही फुटू शकते."

मास्तरांनी मान डोलावली. बैठक संपली.

ताई माझ्याकडेच राहिली. हातात कापड नाही आणि समोर मशीन आहे, अशी बाई घरात असणे हा काय प्रकार आहे, हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. तिने पहिल्यांदा उशांचे अभ्रे उसवून परत शिवले. मग पडदे आखूड केले. मग माझ्या पँटींकडे तिची नजर गेली. आमची ही सुरुवातीला "वन्सं, राहू द्या हो" म्हणत होती. पुढे तिने तेही सोडले आणि आपल्या साड्या कपाटात घालून किल्ली कमरेला लावली.

एका दुपारी शाळेतून फोन आला. "होय बाई. देते बाई. मी कधी तारीख चुकवलीय का?" असे म्हणून ताईने फोन ठेवला आणि बराच वेळ मशीनचे चाक नुसतेच हाताने फिरवत बसली. शिवणाऱ्या माणसाने सांगितलेली तारीख पाळणे ही जगात कुठेही न आढळणारी गोष्ट आमच्या ताईने जन्मभर केली होती, आणि तिला त्याचा फार अभिमान होता.

"बाळ्या," ती मान वर न करता म्हणाली, "तू तिथे असतोस ना रे रोज? मग बोलत का नाहीस?"

मला गलबलून आले. लहानपणी माझ्या शर्टांची बटणे हिनेच लावली होती. दुसऱ्या दिवशी सभागृहात मुख्य कारभाऱ्यांनी आणीबाणीची गरज समजावून सांगितली आणि सवयीने सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी उभा राहिलो.

"सहमत," मी म्हणालो. आणि नंतर माझ्या तोंडून आणखी एक शब्द गेला. "पण..."

सभागृह चिडीचूप झाले. पेंगत असलेले सदस्य जागे झाले. पत्रकार कक्षात कोणाचे तरी पेन खाली पडले. मी 'पण'च्या पुढे काय बोलणार होतो हे माझे मलाच ठाऊक नव्हते, पण तेवढ्याने काम झाले. मुख्य कारभारी तातडीने उठले.

"सन्माननीय सदस्यांच्या भावना शासनापर्यंत पोहोचल्या आहेत. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही. असतं तर ते लपवलं असतं, आणि मग तुम्हाला शंकाच आली नसती. तरीही आम्ही एक पाऊल पुढे टाकत आहोत. आजपासून ही आणीबाणी पारदर्शक असेल."

बाके वाजली. मीही वाजवले, कारण हे माझे यश होते.

आठवडा उलटायच्या आत ताईच्या घराची रस्त्याकडची भिंत पाडली आणि तिथे वरपासून खालपर्यंत काच बसवली. पोक असलेली भिंत तीच, त्यामुळे घराचे भलेच झाले असे सचिवाचे म्हणणे पडले. मग समितीला पाहणीचे निमंत्रण आले. ताई हट्टाने माझ्याबरोबर निघाली.

दोरीच्या अलीकडे आम्ही ओळीने उभे राहिलो. काच इतकी स्वच्छ होती की आक्षेपराव दोरी ओलांडून तिच्यावर आपटले, आणि यंत्रणेच्या पारदर्शकतेची ही पहिली अधिकृत नोंद ठरली. आत पटल दिसत होते. एक अधिकारी त्याच्याशी बसून चहा पीत होता. त्याने आम्हाला पाहून हात हलवला. पटलाच्या टोकाला मला काहीतरी पांढरे दिसले.

"तोच आदेश," सचिव म्हणाला.

"अहो, पण तो पालथा आहे!" कपाळ चोळत आक्षेपराव ओरडले.

"कायद्यात 'ठेवण्यात येईल' एवढंच आहे. पालथा की उताणा, ते सभागृहाने कायदा करताना सुचवायला हवं होतं."

"वाचता येत नाही त्याचं काय?"

सचिवाने मास्तरांकडे पाहिले. मास्तर वाटच पाहत होते. "अवलोकनार्थ. अवलोकन म्हणजे पाहणे. वाचायचा असता तर वाचनार्थ म्हटलं असतं, पठणार्थ म्हटलं असतं. भाषेत शब्दांची काय कमी आहे? अध्यक्षमहाशय, तुम्हाला कागद दिसला का?"

"पांढरं काहीतरी दिसलं."

"मग अवलोकन झालं."

इतक्यात ताईने किंकाळी फोडली. "अरे, ते निळं! बाळ्या, ते पटलावर अंथरलंय ते बघ! माझं गणवेशाचं कापड आहे ते! अरे मेल्या, कप उचल! डाग पडतोय!"

ती दोरीखालून वाकून गेली आणि काचेवर थापा मारू लागली. काच जाड होती, आवाज आत जात नव्हता. अधिकाऱ्याने कपासकट उठून शांतपणे एक पाटी उचलली आणि तिच्या तोंडासमोर काचेला आतून टेकवली. 'कृपया काचेस हात लावू नये.' ताई थांबली. तिने आपल्या हाताकडे पाहिले आणि पदराने काचेवरचा पंजाचा ठसा पुसला. मला ते बघवले नाही. मी तोंड फिरवले, आणि शेजारी सचिव उभा होता.

"जरा बाजूला येता?" तो म्हणाला.

आम्ही कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसलो.

"उद्या आणीबाणीच्या मुदतवाढीचं मतदान आहे," तो म्हणाला. "समितीने अवलोकन करून समाधान व्यक्त केलं, असं तुम्ही सांगितलंत तर बहिणीचं घर उद्या संध्याकाळी मोकळं करता येईल. कापडासकट. डाग काढून देऊ."

माझ्या मनावरचा धोंडा उतरला. "म्हणजे पटल परत सभागृहात येणार?"

"तिथे कसं? तिथे आता नवा गालिचा टाकलाय. दुसरं एक घर आहे. माप होऊन गेलंय."

"कुणाचं?"

"विचारताय?"

त्याने हे इतक्या हळुवारपणे म्हटले की आपण काहीतरी असभ्य बोललो असे मला वाटले. तो पुढे म्हणाला, "हे पाहा, उद्या पटल उचलताना आदेश माझ्या हातात असेल. तुम्हाला हवा असेल तर सरळ करून देतो. वाचून घ्या. सगळं आहे त्यात. पुढचं घरही आहे."

मी विचार केला. वाचला तर कळणार. कळले तर ते घर कोणाचे तरी असणार, त्या कोणाला तरी कोणीतरी बहीणभाऊ असणार, आणि मला पुन्हा उभे राहून 'पण' म्हणावे लागणार. तिकडे ताई काचेसमोर तशीच उभी होती.

"कशाला?" मी म्हणालो. "समितीने अवलोकन केलेलं आहे."

सचिव प्रथमच मनापासून हसला. त्याचे दात फार छान आहेत.

मतदानाच्या वेळी मला एकच धास्ती होती, ती आक्षेपरावांची. त्यांच्या कपाळावर टेंगूळ होते आणि हातात भाषणाची जाडजूड चळत होती. पण ते उठायच्या आत मुख्य कारभाऱ्यांनी सहज सांगितले, "पटलासाठी नव्या जागेचा शोध चालू आहे. लांब दिवाणखाना असलेल्या सदस्यांनी चर्चेत जरूर भाग घ्यावा, म्हणजे आम्हाला त्यांचा परिचय होईल." आक्षेपरावांनी चळत बाकाखाली ठेवली. ते माझ्या बाकापाशी आले आणि कानाशी वाकून म्हणाले, "आमचा हॉल जरा लांबच आहे हो." त्यांची ती कुजबूज मागच्या बाकांपर्यंत ऐकू गेली. तिथेही सगळे छताकडे पाहत मनातल्या मनात आपापल्या खोल्या मोजत होते.

मी उभा राहिलो. समितीचे समाधान सांगितले. प्रेक्षक कक्षात ताई बसली होती. ती मान उंच करून माझ्याकडे पाहत होती आणि शेजारच्या बाईला सांगत होती, हा माझा धाकटा भाऊ. ठराव एकमताने मंजूर झाला. मास्तरांनी 'मुदतवाढ' हा जोडून एक शब्द लिहावा अशी दुरुस्ती सुचवली, ती शासनाने मोठ्या मनाने स्वीकारली.

संध्याकाळी ताई घरी गेली. कापड मिळाले, आणि डाग शिवणीत लपवता येईल असा निघाला. तिने रात्रंदिवस पाय मारून गणवेश तारखेला शाळेत पोहोचवले. मुख्याध्यापिकेने शाबासकी दिली. आणीबाणी चालूच आहे, पण ताईच्या गल्लीतली दोरी निघाली आहे, त्यामुळे ती आता ताईच्या दृष्टीने संपली आहे. काचेची भिंत मात्र राहिली. सरकारी मालमत्ता असल्याने ती काढता येत नाही.

परवा मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती खाली बसून जाडसर कापड बेतत होती.

"आता हे काय?"

"पडदा. येणारेजाणारे आत बघतात रे." तिने तोंडातली टाचणी काढली. मग अचानक विचारले, "बाळ्या, ते टेबल कुणाकडे गेलं?"

"ते आदेशात आहे."

"त्यांचंही काही अडकलं असेल ना आत? माझ्यासारखं?"

मी काचेतून रस्त्याकडे पाहू लागलो. ज्या बाईने माझ्या घरातला एकेक अभ्रा उसवून मला भंडावून सोडले होते, ती आता पुढे काय म्हणते याची मला धास्ती वाटत होती.  तिने टाचणी कापडात खोचली.

"जाऊ दे," ताई म्हणाली. "आपल्याला काय करायचंय? ते टोक धर जरा, एकटीला सरळ येत नाही."

मी धरले.

पटल सध्या कोणाकडे आहे, हे मला खरोखरच ठाऊक नाही. सचिव म्हणतो की एका घराला फार काळ त्रास देणे बरे नव्हे, म्हणून पुढची घरेही पाहून ठेवली आहेत. ती कोणाची ते मी विचारलेले नाही. तुम्हीही विचारलेले नाही. तुम्ही मघापासून माझ्या भोळ्या बहिणीला हसत आहात, आणि त्याबद्दल माझा राग नाही, कारण गोष्ट दुसऱ्याच्या घरातली आहे.

फक्त एक आठवून पाहा. मध्यंतरी तुमच्याकडे इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस आला होता. पुढच्या खोलीचे माप घ्यायचे आहे म्हणाला. बोलायला फार गोड होता आणि एकटाच होता. त्याच्या टेपचे दुसरे टोक कोणी धरले होते?